'आधी' या एका शब्दासाठी!

रात्रीचे अडीच वाजलेत! हेलसिंकीत बाहेर बर्फ पडतंय, बहीण दोनदा येऊन "अगं, झोप आता" म्हणून गेली आहे, आणि मला झोप लागणं शक्यच नाही! मला हे आत्ताच्या आत्ता कुणाला तरी सांगायचंय. तुम्ही सापडलात. बसा! नाही, तिथे नको, इथे माझ्या डावीकडे बसा. डावीकडे का, ते कळेलच!

आधी एक स्पष्ट सांगते. मी पत्त्यांतली जाणकार नाही. मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन आणि लग्नघरातली रमी, एवढंच मला येतं. पण भाच्याच्या मित्रमंडळींना पाचवा भिडू कमी पडत होता आणि तो म्हणाला, "मावशी, बस ना, शिकवतो," आणि मी बसले, आणि मग संध्याकाळचे सहा वाजले होते ते एकदम रात्रीचे दीड!

खेळाचं नाव 'व्हॅम्पायर: द इटर्नल स्ट्रगल'. रक्तपिपासूंचा पत्त्यांचा खेळ! रिचर्ड गारफिल्ड नावाच्या माणसाने रचला. गणितात डॉक्टरेट बरं का, आणि 'मॅजिक: द गॅदरिंग'ही त्याचाच! १९९४ साली हा खेळ आला तेव्हा त्याचं नाव 'जिहाद' होतं, १९९५ मध्ये ते बदललं. २०१० मध्ये छपाई थांबली आणि २०१८ मध्ये ब्लॅक चँट्री नावाच्या कंपनीने पुन्हा सुरू केली. म्हणजे खेळही मेला नाही, निपचित पडला आणि उठला! भाच्याकडची काही पानं त्याच्या जन्माआधीची आहेत. कडा झिजलेल्या, चित्रं अंधारी, आणि प्रत्येक पानावर बारीक अक्षरात नियम, नियम, नियम!

आपण स्वतः व्हॅम्पायर नसतो. आपण पडद्यामागचा एक अतिप्राचीन म्हातारा असतो, मेथुसेला. आपल्यापाशी रक्ताचे ३० ठोकळे. ते संपले की आपण संपलो! त्याच ठोकळ्यांतून आपल्या व्हॅम्पायरांना रक्त पाजून मैदानात उतरवायचं आणि त्यांनी डावीकडच्या भिडूचं रक्त आटवायचं. फक्त डावीकडच्याचं! डावीकडचा आपलं सावज, उजवीकडची आपली शिकारी. म्हणजे तुम्ही ज्याच्यामागे लागलात तो पाठ करून दुसऱ्याच्या मागे लागलेला, आणि तुमच्या मानेवर तिसऱ्याचा श्वास! माझ्या डावीकडे भाचा बसला होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा माझं सावज! सावज संपवलं की एक विजयगुण आणि वर ६ ठोकळे रक्त. मी मनात ते ६ मोजूनही टाकले होते.

आता मुद्द्याचं. झुंज!

माझी एक व्हॅम्पायर होती, टोरिअडोर घराण्यातली. कलावंतांचं घराणं! अंगात रक्त दोनच थेंब, म्हणजे दोनच ठोकळे. मी तिला भाच्याचं रक्त आटवायला पाठवली, त्याने आपला ब्रुहा मध्ये घातला आणि म्हणाला, "अडवलं." अडवलं की झुंज. ब्रुहा म्हणजे बंडखोरांचं घराणं, सगळे तापट आणि दांडगे. पण मी निवांत! माझ्या हातात 'मॅजेस्टी' होतं! त्या पानाचा वार म्हणजे कुणाला मारायचंच नाही, नुसतं असं काही रूप दाखवायचं की समोरच्याचे हात गळून पडावेत आणि झुंज तिथेच संपावी. आणि नियमांच्या पुस्तकात मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं होतं की 'झुंज संपवणारा' वार सगळ्या वारांच्या आधी लागू होतो. सगळ्यांच्या आधी! म्हणजे मला कोण हात लावणार?

भाच्याने एक पान टाकलं, रस्त्यावरचा खांब उपटल्याचं, आणि त्याच्या ब्रुहाची ताकद एकाची तीन झाली. मी हसले. मग त्याने दुसरं टाकलं, 'इमॉर्टल ग्रॅपल'. मी म्हटलं, टाक बाबा, आणि झोकात मॅजेस्टी टेबलावर ठेवलं.

"मावशी, ते चालणार नाही."

चालणार नाही? पुस्तकात लिहिलंय! मी पान काढून बोट ठेवून दाखवलं. समोरची फिनिश मुलगी पुढे झुकली, तिच्या शेजारचा मुलगा आपला चहाचा कप घेऊन उठून माझ्यामागे येऊन उभा राहिला, आणि मग वीस मिनिटं आम्ही पाच जण एका वाक्यावर! आवाज चढले! आणि मग भाच्याने विजेच्या बिलाचं पाकीट उलटं केलं आणि त्याच्या पाठीवर मला एक उभी ओळ लिहून दिली. ते पाकीट आत्ताही माझ्या हातात आहे. वाचते, ऐका:

पल्ल्याच्या आधी. पल्ला. वाराच्या आधी. वार. जादा वार. प्रेस. फेरी संपताना.

बास. एवढंच! आणि माझ्या अंगावर काटा आला!

कारण बघा, मी जे वाचलं होतं ते खरंच होतं! झुंज संपवणारा वार सगळ्यात आधी लागतो. पण सगळ्या वारांमध्ये आधी! 'वार' या पायरीच्या आत! आणि इमॉर्टल ग्रॅपल ही चीज वार नाहीच! ती पडते 'वाराच्या आधी' या पायरीवर, आणि ती म्हणते, या फेरीत हातांखेरीज दुसरा कुठलाही वार करायचा नाही. कुणीच नाही! टाकणाऱ्यानेसुद्धा नाही! म्हणजे माझं मॅजेस्टी हरलं नव्हतं. ते निवडायचा क्षण येण्याआधीच दार बंद झालं होतं. एक 'आधी' दुसऱ्या 'आधी'च्या आधी! कळतंय ना? मला दोनदा सांगावं लागलं, पण कळल्यावर मी खुर्चीतून उठलेच!

मग उरले नुसते हात. माझ्या कलावंतिणीचा एक फटका, त्याचे तीन. दोन्ही एकाच वेळी लागतात, हेही मला नवीन! तिने दोन जखमा आपल्या दोन ठोकळ्यांनी भरून काढल्या, तिसरीला रक्तच नाही. टॉर्पर! म्हणजे मेली नाही, निपचित पडली. आपल्या कबड्डीत गडी बाद होऊन बाहेर बसतो आणि मग कुणीतरी त्याला जिवंत करतं, तसंच अगदी. पण इथे उठायला दोन थेंब रक्त लागतं आणि तिच्याकडे शून्य. म्हणजे माझ्याच दुसऱ्या कुणीतरी जाऊन आपल्या रक्ताने तिला उठवायचं. आणि तोवर कबड्डीत नसलेली एक भानगड: बाहेर पडलेल्या गड्याला दुसऱ्याचा व्हॅम्पायर येऊन खाऊन टाकू शकतो! समूळ! मग त्या खाणाऱ्याचा जीव घ्यायचा की नाही, यावर टेबलावर मतदान होतं. मतदान! मी पुढचा अर्धा तास त्या फिनिश मुलीच्या हाताकडेच बघत होते.

आणि रक्त शून्य होणं म्हणजे टॉर्पर नव्हे, हेही कळलं! हे मला फार म्हणजे फार आवडलं. पलीकडच्या मुलाकडे ट्रेमीर होता, जादूटोणावाल्यांचं घराणं, त्याचं 'थेफ्ट ऑफ व्हिटे' नावाचं पान रक्त चोरतं. त्याने एकाचं सगळं रक्त चोरलं, ठोकळा नाही उरला, आणि तो गडी तरीही उभा! कारण चोरी ही जखम नाही. जखम झाली, आणि ती भरायला रक्त नसलं, तरच पडायचं. नुसतं रिकामं असलं तर आपल्या पाळीला निमूट शिकारीला जायचं. किती शहाणपणाचा नियम आहे! भुकेला माणूस आणि घायाळ माणूस एक नव्हे!

आणि मग नखं! काही जखमा चिघळणाऱ्या असतात, नखांच्या, त्या रक्ताने भरतच नाहीत. अंगात कितीही रक्त असो, एक लागली की आडवा! आणि त्याच वेळी दुसरीही लागली तर आता जीव वाचवायलाच एक ठोकळा जाळायचा, तिसरी लागली तर आणखी एक, आणि नसला तर खेळातूनच राख. म्हणजे अंगात एक ठोकळा असलेल्याला अशा तीन लागल्या तर? पहिलीने पडला, दुसरीला ठोकळा दिला, तिसरीला काही नाही. गेला! साध्या जखमा आणि या जखमा एकदम आल्या तर आधी साध्या मोजायच्या. बघा, पुन्हा 'आधी'! हा हिशेब मी पाकिटाच्या कोपऱ्यात तीन वेळा करून पाहिला.

पण खरी गंमत अजून पुढेच आहे. मी त्या ओळीकडे टक लावून बसले होते. पल्ल्याच्या आधी, पल्ला, वाराच्या आधी. इमॉर्टल ग्रॅपलवर लिहिलंय की ते फक्त जवळच्या पल्ल्यात चालतं. साहजिक आहे, लांबून मिठी कशी मारणार! आणि पल्ला ठरतो त्याच्या आधी! म्हणजे त्याने माझं दार बंद करण्याआधी माझ्याकडे एक दार आहे! आहे ना? आहे! कुणी काही केलं नाही तर झुंज जवळूनच होते, पण पल्ल्याच्या पायरीवर 'मॅन्युव्हर' केलं की लांब, समोरच्याने केलं की पुन्हा जवळ, आपण केलं की पुन्हा लांब. आलटून-पालटून. स्वतःच्याच मॅन्युव्हरवर स्वतः लागलीच दुसरं करता येत नाही, मध्ये समोरच्याने मोडावं लागतं.

मी माझ्या दुसऱ्या टोरिअडोरला, मोठीला, पिस्तूल घेऊन दिलं. पॉइंट फोर्टी-फोर मॅग्नम! दोन ठोकळे मोजावे लागले, माझ्या स्वतःच्या साठ्यातून, जिवावर आलं. पण ते कुठल्याही पल्ल्यातून दोन जखमा करतं आणि दर झुंजीत एक मॅन्युव्हर अंगचंच देतं. पुढच्या पाळीला तिला पाठवली. भाच्याने तोच ब्रुहा मध्ये घातला. अडवलं! अंगात पाच ठोकळे. त्याच्या चेहऱ्यावर तेच हसू.

पल्ल्याच्या आधी. कृती माझी म्हणून प्रत्येक पायरीवर आधी मी. मी काहीच टाकलं नाही. त्याने पुन्हा तोच उपटलेला खांब. ताकद तीन.

पल्ला. आधी मी! पिस्तुलाचं मॅन्युव्हर. लांब! त्याने शांतपणे एक पान टाकलं. जवळ. आणि मग माझ्या हातात वेगाचं, सेलेरिटीचं, एक मॅन्युव्हर होतं ते मी टाकलं. लांब! आणि या खेळात पान टाकलं की त्याच क्षणी नवीन उचलायचं असतं, झुंजीच्या ऐन मधोमध, हातात कायम सात, आणि मी उचललं आणि ते होतं 'ब्लर'! जादा वारांचं पान! मी ओरडले नाही. कशी ओरडले नाही, मलाच ठाऊक! आणि भाच्याने हातातली पानं एकदा डावीकडून उजवीकडे पाहिली, मग उजवीकडून डावीकडे पाहिली, आणि मान हलवली. नाही. लांबच.

वाराच्या आधी. इमॉर्टल ग्रॅपल त्याच्या हातातच होतं! नंतर त्याने दाखवलं मला! होतं, आणि टाकता येत नव्हतं!

वार. मी पिस्तूल म्हटलं, तो म्हणाला "हात", आणि हात पोचले नाहीत. दोन जखमा, पाचातले तीन उरले. मग ब्लर. माझ्या मोठीच्या पानावर सेलेरिटीची खूण चौकोनी नव्हती, चौकटच्या पत्त्यावर असते तशी होती, म्हणजे विद्या पूर्ण अवगत, म्हणजे जादा वार एक नाही, दोन! दुसरी गोळी, तिनातला एक उरला. तिसरी गोळी, एक जखम भरली, दुसरी भरायला काही नाही.

टॉर्पर!

फिनिश मुलीने टेबलावर हात आपटला! चहावाल्याने मला टाळी दिली! आणि भाचा, माझं सावज, सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "मावशी! तू पल्ल्यावर मारलंस मला!" त्याच्या डोळ्यांत असा आनंद होता की मला वाटलं, उठून त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा, आणि मी फिरवलाही.

खेळ मी जिंकले नाही. तासाभरात उजवीकडच्या शिकारणीने मला संपवलं आणि माझे ६ ठोकळेही तिनेच नेले. जाऊ दे! लढाई म्हणजे कोण जोरात मारतो, असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि इथे गोळी सुटण्याच्या कितीतरी आधी, पत्ता उचलताना, मान हलताना, सगळं ठरून गेलेलं होतं! आणि ते एका छोट्या शब्दाने ठरवलं होतं, जो मी वाचूनही वाचला नव्हता!

अजून प्रेसबद्दल तर बोललेच नाही. फेरी संपली की झुंज संपते, पण प्रेस टाकून ती चालू ठेवता येते आणि समोरचा प्रेस टाकून ती मोडू शकतो! आणि पूर्ण विद्येचं ग्रॅपल असेल तर... नाही, थांबा, असं तोंडाने सांगून उपयोग नाही. ही घ्या पानं. सात. बघा नीट. पाकीट मध्ये ठेवते, दोघांना दिसेल असं. तुमची व्हॅम्पायर निघाली आहे, मी मध्ये आले आहे, अडवलं! पल्ल्याच्या आधी. कृती तुमची, म्हणून आधी तुम्ही.

काही टाकताय?