पेल्यातील बुडबुडे

रात्री काचेच्या पेल्यात झाकून ठेवलेल्या पाण्यात सकाळी बारीक बुडबुडे दिसू लागतात. पेल्याच्या आतील अंगाला ते मोत्यांसारखे चिकटून असतात. आमच्या घरी अशा पाण्याला 'शिळे' म्हणण्याची रीत होती आणि ते सरळ मोरीत ओतले जाई. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या घरात ही उधळपट्टीच म्हणावयाची!

वस्तुतः त्या पाण्यात काहीही नासलेले नसते. पाण्यात हवा विरघळलेली असते. पाणी जितके गार, तितकी ती अधिक मावते. उघड्या हवेतील एक लिटर पाण्यात ० अंश सेल्सिअसला सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू राहतो, तर ३० अंशांना जेमतेम ७.५. माठातील गार पाणी खोलीच्या उबेला आले म्हणजे जास्तीची हवा बाहेर पडू पाहते. दाबाचेही तसेच. दाब वाढेल त्या प्रमाणात द्रवात वायू अधिक विरघळतो, हे विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली दाखवून दिले. नळातून बाहेर पडताच पाण्यावरील दाब उतरतो.

मग बुडबुडे काचेलाच का बिलगतात? पाण्याच्या मधोमध इवलासा बुडबुडा जन्मला, तरी पृष्ठताण त्याला चहूबाजूंनी आवळून आतली हवा पुन्हा पाण्यात ढकलतो. काचेवरील ओरखडा, धुळीचा कण किंवा पुसण्याच्या फडक्याचा तंतू यांत मात्र थोडी हवा आधीच अडकलेली असते. तिच्या आश्रयाने बुडबुडा वाढतो.

उकळून निवविलेल्या पाण्यात बुडबुडे क्वचितच दिसतात. त्यातील हवा चुलीवरच निघून गेलेली असते. म्हणूनच ते बेचव लागते. आमची आई ते एका तांब्यातून दुसऱ्यात उंचावरून ओतीत असे. हवा परत मिसळण्याचा तो उत्तम उपाय. मग तिला हेन्रीसाहेब ठाऊक असोत वा नसोत.

आम्हाला काळजी वाटते ती निराळीच. बुडबुड्यांना भिणारी मंडळी नितळ पाण्यावर मात्र डोळे मिटून विश्वास टाकतात. एका पावसाळ्यात आमच्या वाडीत कावीळ पसरली, तेव्हा घरोघरच्या हंड्यांतील पाणी नितळच होते. काविळीचे वा पटकीचे जंतू बुडबुड्यांकरवी वर्दी देऊन येत नाहीत. तेथे पाणी खळखळून उकळले होते का, एवढेच विचारावयाचे. रात्री पिण्याजोगे असलेले झाकलेले पाणी सकाळीही खुशाल प्यावे; मन घेतच नसेल, तर मोगऱ्याच्या आळ्यात ओतावे.