बोटं ऐकत नाहीत म्हणालीस म्हणून

प्रिय आत्या,



परवा फोनवर म्हणालीस, पेटी माळ्यावर टाकते, या वयात बोटं ऐकत नाहीत. हे मनाला लागलं. फिजिओथेरपीत माझा दिवस लोकांच्या हातांशीच जातो, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

तुझी तक्रार अगदी नेमकी होती. आरोहात गंधारावरून मध्यमावर जाताना अंगठा बोटांखालून सरकवायचा, तिथे तो अडतो. आणि तो अडला की डाव्या हातातला भाताही थांबतो. म्हणजे बोटांत जोर नाही असं नव्हे. दोन हातांना एकाच वेळी दोन वेगळी कामं दिलीत आणि त्यांची सांगड मेंदूला घालायची आहे. अडतंय ते तिथे.

तरुण माणूस उजव्या हाताची बोटं हलवतो, तेव्हा मुख्यतः मेंदूच्या डाव्या बाजूचा हालचालींचा पट्टा कामाला लागतो. उतारवयात तीच हालचाल करताना एफएमआरआय या मेंदूच्या स्कॅनमध्ये उजव्या बाजूचा पट्टाही जागा झालेला दिसतो, आणि कपाळामागचा, लक्ष ठेवणारा भागसुद्धा. घरात कार्य निघालं की शेजारीपाजारी हात लावायला येतात ना, तसं. काही संशोधक याकडे वेगळ्या नजरेने बघतात. मेंदूचे दोन्ही अर्धे एकमेकांना आवर घालत असतात, वयाबरोबर तो आवर सैल पडतो आणि नको तिथेही जाग येते, असं त्यांचं म्हणणं. मला दोन्हींत तथ्य वाटतं. पण बेल्जियममधल्या ल्यूव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांचा 2008 सालचा प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. त्यात मनगट आणि पाऊल एकत्र हलवायचं होतं, कधी एकाच दिशेने, कधी उलटसुलट. ज्या ज्येष्ठांच्या मेंदूत हे जादा भाग जास्त कामाला लागले, त्यांना अवघड प्रकार जास्त चांगला जमला. तेव्हा सराव करून उठल्यावर डोकं शिणतं म्हणालीस ना, ते शिणणं मला वाईट लक्षण वाटत नाही. मेंदू मन लावून काम करतोय.

आता रियाजाचं. अमेरिकेत वू आणि हॅलेट यांनी 2005 साली तरुणांना आणि वयस्कांना बोटांच्या हालचालींचा ठरावीक क्रम शिकवला. तो अंगवळणी पडला की नाही, हे बघायला बोटं चालू असतानाच अक्षरं मोजायला लावली. वयस्कांना जास्त सराव लागला, त्यांच्या मेंदूला मेहनतही जास्त पडली, पण क्रम त्यांच्याही अंगवळणी पडला. तू अलंकार वाजवताना किराण्याची यादी मोठ्याने म्हणून बघ. स्वर चुकला नाही, तर तो अलंकार बोटांत बसला म्हणून समज.

आणि तू टायपिस्ट होतीस हे कसं विसरतेस? टिमथी साल्टहाउस यांनी 1984 साली 19 ते 72 वर्षांच्या टायपिस्टांची चाचणी घेतली. वयस्कांची नुसती बोट आपटण्याची गती कमी भरली, खूण दिसल्यावर कळ दाबायलाही त्यांना वेळ लागला. तरी टायपिंगचा वेग कमी नव्हता! त्यांची नजर हातापेक्षा कितीतरी पुढची अक्षरं टिपत होती, त्यामुळे बोटांना तयारीला वेळ मिळत होता. साहेबांचा मसुदा समोर ठेवून, मान न वळवता, कार्बन घातलेल्या कागदावर पानंच्या पानं तू काढायचीस, तेव्हा तू हेच करत होतीस. पेटीवरही डोळे पट्ट्यांवर खिळवून बसू नकोस. पुढचे चार स्वर आधी मनात म्हण, मग बोट टेकव.

एक गोष्ट मात्र गोड बोलून टाळणार नाही. क्राम्पे आणि एरिक्सन यांनी 1996 साली पियानोवादकांवर केलेला अभ्यास सांगतो की साठीतल्या व्यावसायिक वादकांचा हात टिकतो तो जुन्या पुण्याईवर नव्हे, तर उतारवयातही चालू ठेवलेल्या सरावावर. म्हणजे पेटी एकदा माळ्यावर गेली की आतापर्यंतचं शिकलेलंही हळूहळू हातचं जाईल. म्हणूनच जीव तोडून सांगतेय, टाकू नकोस.

रविवारी दोन तास बसण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बस. आधी भात्याशिवाय, नुसत्या उजव्या हाताने ग-म, ग-म. अंगठा न अडखळता सरकू लागला की भाता घे, अगदी विलंबित लयीत. दुगुनीची घाई नको, पेटी शिकवणाऱ्या बाई लवकर पुढे नेत असतील तर त्यांना स्पष्ट सांग. दिवाळीला येईन तेव्हा तुझ्याकडून भूपाची सरगम ऐकायची आहे, त्यात मध्यम नाही म्हणून सुटका झाली असं मात्र समजू नकोस, यमनही वाजवायला लावणार आहे.

काकांना नमस्कार.

तुझी,
भाची