आमच्या वाड्यातलं 2015

येडशीच्या वाड्यात वाढलेल्या आम्हा चुलतभावंडांना कालप्रवासाची गोडी लावली ती दूरदर्शनने आणि जयंत नारळीकरांनी. 1989 साली ‘इंद्रधनुष’ नावाची हिंदी मालिका लागायची. शाळकरी पोरं, संगणक, परग्रहावरचे पाहुणे आणि मागच्या काळात मारलेली फेरी. पुढे नावाजलेला दिग्दर्शक करण जोहर तेव्हा त्यात गुबगुबीत पोरगा होता. आमचा टीव्ही कृष्णधवल, शटरचा. एक जण माळवदावर अँटेना फिरवणार, एक अंगणातून ओरडणार, “आलं, आलं... गेलं!” निम्मी मालिका आम्ही नुसत्या आवाजावर पाहिली. नारळीकरांचं ‘टाइम मशीनची किमया’ ग्रंथालयातून घरी आलं की सगळ्यांच्या हातून फिरून, कोपरे दुमडूनच परत जायचं.

यंत्र म्हणाल तर ते गावातच होतं. बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरची ही अडीच फुटी रुळांची गाडी 1897 मध्ये कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि पुढे 1911 मध्ये लातूरला पोचली. उस्मानाबाद शहराला तेव्हा रेल्वे नव्हती. तिकडची माणसं येडशीला उतरायची आणि पुढची वाट धरायची. बार्शी इंग्रजांची, येडशी निजामाची. मधे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका, आणि नाका ओलांडला की सालसुद्धा बदलायचं. बार्शीत 1940 चालू असायचं तेव्हा येडशीच्या सरकारी कागदावर 1349 फसली लिहिलेलं असायचं. डब्यात बसायचं आणि तासा-दोन तासांत सहाशे वर्षं मागं उतरायचं, असं आमचे आबा सांगायचे. आम्हाला तो विनोद वाटायचा. वाड्यातल्या पेटीत फसली सालाचे कागद निघाले तेव्हा कळलं की आबा हिशेबाला पक्के आहेत.

‘बॅक टू द फ्यूचर’चा दुसरा भाग आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या भावाने पुण्याच्या होस्टेलवर कॅसेट लावून पाहिला होता. रॉबर्ट झेमेकिसचा पहिला भाग 1985 चा, दुसरा 1989 चा. मार्टी हा शाळकरी मुलगा आणि डॉक हा विक्षिप्त शास्त्रज्ञ. त्यांची मोटार ताशी 88 मैलांचा, म्हणजे सुमारे 142 किलोमीटरचा वेग गाठला की काळ ओलांडते. दुसऱ्या भागात ते भविष्यात जातात आणि उतरतात ती तारीख आहे 21 ऑक्टोबर 2015. दिवाळीच्या सुट्टीत थोरल्याने आम्हाला अख्खा सिनेमा तोंडी सांगितला, गाडीच्या आवाजासकट. त्यावर काकूंचा एकच प्रश्न होता, “88 मैल? आपली लातूर गाडी असती तर ते पोरगं जन्मभर तिथंच राहिलं असतं.” घाटात त्या गाडीतून उतरून, लघुशंका उरकून परत चढता यायचं ही आमच्याकडची जुनी ख्याती.

ती तारीख थोरला विसरला नाही. 2015 ची 21 ऑक्टोबर आली ती नवरात्रात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी. पुणे, लातूर, बार्शीहून सगळे येडशीला जमलेलेच होते. आमची मुलं तेव्हा बारा ते चौदा वर्षांची, म्हणजे ‘इंद्रधनुष’ पाहताना आम्ही होतो साधारण तेवढीच. पहिला भाग आदल्या रात्री दाखवून झाला होता. घटापुढची आरती उरकली, लॅपटॉप वायरीने टीव्हीला जोडला, वीज जाईल म्हणून इन्व्हर्टर तपासून घेतला. आबांना खुर्ची पुढे दिली. इंग्रजी संवाद नातू त्यांना मराठीत सांगत होता, मधेमधे पदरचं घालून.

उडत्या मोटारी पाहून मुलं गप्प होती. हवेत तरंगणारा स्केटबोर्ड आला तेव्हा चढाओढीने श्वास रोखले गेले. हसू फुटलं ते आम्हाला न सुचलेल्या जागी. मार्टीला नोकरीवरून काढल्याचा निरोप घरातल्या सगळ्या फॅक्स यंत्रांतून एकदम बाहेर येतो, तिथे मुलं लोळून हसली. फॅक्स म्हणजे काय ते आधी समजावून सांगावं लागलं. “एवढं सगळं उडतंय, आणि खिशात मोबाईल कुणाच्याच नाही?” मुलांतल्या धाकटीने विचारलं. गोष्ट रास्त होती. 1989 च्या माणसांनी मोटारीला पंख लावले, पण कागद येतो तो टेलिफोनच्या तारेतून हे काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

आबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. पडद्यावर मार्टीचा वैरी, म्हातारा बिफ, टॅक्सीचे पैसे अंगठा टेकवून देतो, घराचं दारही अंगठ्यानेच उघडतं. आबा म्हणाले, “अंगठेबहाद्दर म्हणू नये म्हणून बापानं मला शाळेत घातलं. अन् ह्यांचं एवढं पुढचं जग परत अंगठ्यावरच आलं व्हय?” आधारचे ठसे घरात सगळ्यांचे नुकतेच देऊन झाले होते, त्यामुळे हा टोला मुलांनाही कळला. मग डॉक घड्याळ बघून सांगतो की पाऊस पाच सेकंदांत थांबेल, आणि तो थांबतो. मराठवाड्यात त्या वर्षी दुष्काळ होता. ऑगस्टमध्ये सरकारने औरंगाबादेतून विमानं उडवून कृत्रिम पावसाचा प्रयोगही करून पाहिला होता. शेती बघणारे काका भिंतीला टेकून बसले होते ते उठून म्हणाले, “थांबवायचा कशाला? पाडता येतो का, इचार त्याला.”

मधला भाग मुलांना जड गेला. बिफच्या हाती सामन्यांच्या निकालांचं पुस्तक लागतं, त्यावर जुगार खेळून तो गब्बर होतो आणि मार्टीचं 1985 ओळखू येऊ नये इतकं बिघडतं. हे समजावायला नारळीकर कामी आले. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत इतिहासाच्या प्राध्यापकाला अपघात होतो आणि तो मराठ्यांनी पानिपत जिंकलेल्या जगात जाऊन पडतो. एवढं सांगितल्यावर काम झालं.

खरी बहार शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात. मार्टी परत 12 नोव्हेंबर 1955 च्या त्याच रात्री जातो, जिथे पहिल्या भागात तो जाऊन आलेला असतो. तोच शाळेचा नाच, तेच गाणं. पण आता तो लपून, स्वतःलाच मंचावर गिटार वाजवताना बघतोय. धाकटीने सिनेमा थांबवला. “हे काल बघितलंय की! काल आपण समोरून बघितलं, आज मागून.” याहून नेमकं त्या सिनेमाबद्दल कुणी काही सांगितल्याचं आमच्या ऐकिवात नाही.

सिनेमा थांबलेलाच होता, म्हणून नातवाने विचारलं, “आबा, तुम्ही गाडीत कुठलं साल टाकाल?”

“तेराशे सत्तावन्न.”

“आबा, तेव्हा बहामनी राज्य होतं!” सातवीचा इतिहास ताजा होता.

“फसली रे. फसली तेराशे सत्तावन्न.”

मोबाईलवर बेरीज झाली: 591 मिळवले की 1948. निजामाच्या बाजूच्या रझाकारांच्या धास्तीने कितीतरी घरं हद्द ओलांडून बार्शीकडे गेली तो काळ. आबा तेव्हा या मुलांच्याच वयाचे. रात्री आईचं बोट धरून घाट उतरले होते. “मला तिथं काही बदलायचं न्हाई,” आबा म्हणाले. “झाडामागं हुभं राहून बघायचंय, मी रडत होतो का. आई मरेपर्यंत म्हणायची रडलास. मी म्हणतो न्हाई.”

आम्ही ती हकिगत लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण आबा त्यात चौदा वर्षांचे होते, हे आमच्या चौदा वर्षांच्या मुलांशेजारी त्यांना बघेपर्यंत कुणाच्या मनात आलं नव्हतं. धाकटी म्हणाली तसं, आम्ही इतकी वर्षं समोरूनच बघत होतो.

छोट्या रुळांची गाडी 2008 पर्यंत इतिहासजमा झाली होती; आता ब्रॉडगेज उस्मानाबाद शहरातूनच जाते, त्या शहराचं नाव धाराशिव झालंय. 2016 च्या एप्रिलमध्ये तहानलेल्या लातूरसाठी मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, तीही याच मार्गाने गेली. थोरल्याच्या मुलाने तेव्हा फोन करून सांगितलं, “काका, हे कुठल्याच भागात नव्हतं.” खरंच नव्हतं. भविष्य रंगवणारा माणूस बहुधा स्वतःचंच साल थोडं चकचकीत करून रंगवतो. त्यामुळे हा सिनेमा 2015 चा अंदाज म्हणून साफ फसला आहे, आणि 1989 चं चित्र म्हणून अस्सल आहे.

घरात त्या वयाची मुलं असतील तर जरूर दाखवा. फक्त पहिला भाग आधी दाखवा, नाहीतर दुसऱ्यातली निम्मी गंमत वाया जाते. आणि घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस झोपायच्या आत सुरू करा.