पाझर

संकट आलं की काम निघतं, अशी माझ्या आईची पक्की समजूत. २०२० साली ऐन पाडव्याला देशभर टाळेबंदी सुरू झाली. पुण्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर गुढी उभी होती आणि खाली रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आईनं गॅलरीतून बराच वेळ खाली बघितलं, मग मला विचारलं, ‘‘मग काम कुठं काढलंय सरकारनं?’’

‘‘काम नाही काढलेलं. उलट सगळी बंद केलीत. घरात बसायचं.’’

‘‘बसून कसं निभायचं?’’ ती म्हणाली, आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

आम्ही मूळचे माण तालुक्यातले. तिकडं जुन्या माणसांना साल विचारलं तर ती दुष्काळापासून मोजून सांगतात. अमक्याचं लग्न बाहत्तरच्या आदल्या वर्षी, तमका दुष्काळाच्या पोटातला. म्हणजे १९७२. आधीची दोन वर्षं पाऊस ओढ देतच होता, तिसऱ्या वर्षी त्यानं पाठच फिरवली. मी आठ वर्षांचा होतो. वडील बैलजोडी घेऊन बाजाराला गेले आणि संध्याकाळी जोडीसकट परत आले, कारण खाटकाशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. पुढं बैल छावणीत नेले. त्यातला एकच परत आला. दुसऱ्याचं दावं किती तरी वर्षं गोठ्यातल्या खुंटीला तसंच होतं, ते काढ असं कुणी कुणाला म्हटलं नाही.

रेशनवर मिलो मिळायचा. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना फाटायची आणि खाताना घशात अडायची. (रानोमाळ माजलेलं गाजरगवत या मिलोबरोबरच आलं, असं आमच्याकडं अजून छातीठोकपणे सांगतात. खरं तर ते पन्नाशीच्या दशकातच पुण्यात दिसलं होतं. पण दुष्काळावर एक गुन्हा जास्तीचा घातला, तर त्याची बाजू घ्यायला कोण येणार?) मला मात्र आठवते ती सुकडी. कामावरच्या माणसांना ती वाटायचे. आई आपल्यातली मूठभर पदराच्या गाठीत बांधून आणायची. गूळमट, भरभरीत आणि तिच्या घामानं किंचित खारट.

काम म्हणजे दुष्काळी काम. १९७३च्या मे महिन्यात राज्यात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. आमच्या घरातून आई आणि माझी थोरली चुलती जायच्या. आई तिला आक्का म्हणायची. आधी त्या खडीवर होत्या. दिवसभर हातोडीनं दगड फोडायचे आणि संध्याकाळी मोजमापासाठी ढीग चौकोनी रचायचा. त्या खडीचं पुढं काय झालं? बरीचशी जागेवरच राहिली. मी दहावीला गेलो तेव्हाही शाळेच्या वाटेवर ते ढीग होते आणि त्यांत विंचू निघत. दुष्काळाच्या गोष्टी सांगताना लोक हे ढीग वगळतात. मला ते वगळता येत नाहीत. माणसांना मजुरी मिळावी म्हणून दगडाचे लहान दगड करायचे, इतकाच त्या कामाचा अर्थ होता. मजुरीनं जीव जगले, ते लहान नव्हे; पण फोडणाऱ्याला आपण काय फोडतोय हे कळत असतं. आई खडीबद्दल कधी बोलत नाही.

बोलते ती तलावाबद्दल. त्र्याहत्तरच्या त्याच उन्हाळ्यात गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं आणि सगळ्या टोळ्या तिकडं वळल्या. गड्यांनी टिकावानं उकरायचं, बायकांनी घमेली भरून बांधावर न्यायची. खड्ड्यात मधेच मातीचा एक उंचवटा न खणता ठेवायचे, खोली किती गेली ते मोजायला. मोजमापाच्या आदल्या संध्याकाळी त्या उंचवट्याच्या डोक्यावर कुणी गवतासकट ओंजळभर माती चढवून ठेवी. आक्का त्यात पटाईत होती म्हणतात. मुकादमाला ते कळायचं, आणि कळलं नाही असंही तोच दाखवायचा.

या कामातलं मला उशिरा उमगलं ते हे, की पाणी नाही म्हणून हवालदिल झालेली माणसं पाणी ठेवायला भांडं घडवत होती. वर आभाळात ढग नव्हता. येत्या मृगाला पाऊस पडेल याची खात्री त्या ५० लाखांपैकी एकालाही नव्हती. मी आईला एकदा विचारलं, तेव्हा काय वाटायचं? ती म्हणाली, ‘‘वाटायला येळ कुठं व्हता? घमेलं भरलं की उचलायचं.’’

सगळं गोड होतं असं नाही. कपाळावरचा पदर ढळू न देणाऱ्या घरांतल्या बायका पहिल्यांदाच मातीत उतरल्या, दलित वस्तीतल्या बायकांच्या ओळीत बसल्या, एकमेकींच्या डोक्यावर घमेली दिली. पण पिण्याच्या पाण्याचे डेरे दोन होते, आणि दोनच राहिले. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ची चळवळ उभी केली ती याच काळात, आणि का, ते समजायला मला पुस्तक उघडावं लागलं नाही.

शिवाय पाझर तलावाचं गणितच तिरपं. त्याला कालवा नाही, दार नाही. पावसाळ्यात भरायचं आणि मग मुरमातून हळूहळू जिरायचं, एवढंच त्याचं काम. उन्हाळा लागला की तो रिकामा. ते पाणी उतरतं खालच्या अंगाच्या विहिरींना. म्हणजे ज्यांची जमीन खाली, त्यांचं पाणी वाढलं. आमची आठ एकर कोरडवाहू वरच्या बाजूला. ज्यांना जमीनच नव्हती त्यांच्या वाट्याला तर मजुरी संपल्यावर काहीच उरलं नाही. हा सल पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे या पुण्याच्या उद्योजकानं ओळखला. त्याच दुष्काळात ते तिकडं गेले आणि नायगावला पाणी पंचायतीचा प्रयोग उभा राहिला. पाणी जमिनीवर नव्हे, माणसांवर मोजायचं; माणशी अर्ध्या एकराचं; भूमिहीनालाही हिस्सा; ऊस नाही. किती सरळ नियम, आणि तरी किती थोड्या गावांनी पचवले.

दुसरी एक गोष्ट मात्र राज्यभर मुरली. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात आधीच रुजवलेली रोजगार हमीची कल्पना दुष्काळानं खांद्यावर घेतली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणं हा हक्क ठरला. त्यासाठी पैसा हवा म्हणून शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला. माझ्या पगाराच्या चिठ्ठीवर दर महिन्याला २०० रुपये कापलेले दिसायचे, फेब्रुवारीत ३००. वर्षानुवर्षं मी त्या ओळीकडं कपाळाला आठी घालून बघत आलो. तो कर कशासाठी सुरू झाला हे कळलं तेव्हा नोकरीची वीस वर्षं उलटली होती. आईच्या घमेल्याचा आणि माझ्या चिठ्ठीचा संबंध असा जमिनीखालून होता.

२०२०चा सप्टेंबर. तालुक्याच्या गावी दवाखान्यात आक्का गेली. दहा दिवस आत होती, जवळ कुणी नाही. चुलत भावानं फोनवर दाखवलं ते दुरून, आणि त्यात ज्वाळांपेक्षा पांढरे पोशाखच जास्त दिसले. आईनं फोन हातात धरून बघितलं, परत दिला आणि विचारलं, ‘‘आंघोळ कुणी घातली?’’ मी उत्तर दिलं नाही. दुष्काळात आमच्या घरात कुणी मेलं नव्हतं. भूक होती, पण रडायला बायकांची ओळ होती. इथं शेजारीण दाराबाहेर डबा ठेवून बेल वाजवून मागं सरायची. डबा रोज यायचा, तेरा दिवस, त्यावर गरम पोळ्यांचा घाम असायचा. त्या बाईशी आमचा आधी पार्किंगवरून अबोला होता. तो काही त्या डब्यानं मिटला असं म्हणणार नाही. गाडी ती अजूनही तशीच लावते. पण रिकामा डबा परत करताना आईनं त्यात गुळाचा खडा घातला. सुनेला म्हणाली, रिकामं भांडं परत द्यायचं नसतं. एवढंच काय ते काम तिला त्या वर्षी मिळालं.

२०२१च्या जानेवारीत वाट मोकळी झाल्यावर तिनं हट्टच धरला. घरी नाही, आधी तलावावर चल. आदल्या पावसाळ्यानं हात दिला होता. पाणी होतं, कडेला बगळे होते, बांधावर बाभळी माजल्या होत्या. ऐंशी वर्षांची बाई माझा दंड धरून बांध चढली. पाण्याकडच्या उतारावर दगड बसवलेले आहेत, तिथं ती थांबली. ‘‘हितं आक्का पडली व्हती. घमेल्यासकट. आन हसत बसली.’’ आई तिथंच खाली टेकली. मग जे सप्टेंबरात व्हायचं राहिलं होतं ते झालं. मी थोडा लांब जाऊन उभा राहिलो.

खालच्या रानात शाळू हुरड्याला आला होता. त्या शेतकऱ्यानं आम्हाला ओळखलं, आगटीवर कणसं भाजली, तळहातावर चोळून हुरडा आईपुढं धरला. त्याची विहीर हाताला पाणी लागेल इतकी भरलेली. आईनं विहीर बघितली, हुरडा खाल्ला आणि तो जरा बाजूला गेल्यावर मला हळूच म्हणाली, ‘‘ह्यांच्यातलं कोण आलं न्हवतं कामावर. वाडा व्हता न्हवं.’’ आणि आणखी मूठभर हुरडा मागून घेतला.

निघताना ती पुन्हा तलावाकडं वळून बघायला लागली. मला वाटलं आक्का आठवली असेल.

‘‘गाळ किती साचलाय बग,’’ ती म्हणाली. ‘‘निम्मं पानी त्यानंच खाल्लंय. किती मानसं लागतील रं काढाया?’’

मी खिशातून फोन काढून लांबीरुंदीचा हिशेब मांडायला लागलो. तोवर तिनं बोटांची पेरं मोजायला घेतली होती, आणि ती माझ्या पुढं होती.