कऱ्हेकाठची राख

दिवे घाट चढताना कड्याचे थर मोजता येतात. एक आडवा काळा पट्टा, त्याखाली मुरमाड, तांबूस पट्टा, पुन्हा काळा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांतून लाव्हा उसळला, पसरला, थिजला, त्यावर पुन्हा पसरला; त्याच्या या पायऱ्या. सासवड, जेजुरी मागे टाकून पूर्वेला निघालं की त्या बुटक्या होत जातात. बारामतीच्या जिरायती भागात पोचेपर्यंत उरतो तो माळ, खुरटी बाभळ आणि दगडगोटे.

मे महिना होता. मोरगावला मयूरेश्वराचं दर्शन घेतलं. अष्टविनायकाच्या गाड्या इथून लगेच पुढच्या गणपतीला निघतात. आम्ही पायीच कऱ्हेत उतरलो. पात्र कोरडं ठाक. या काठच्या गाळात ज्वालामुखीची राख सापडलेली आहे, आणि ती आपल्या सह्याद्रीची नाही. सुमारे 3,000 किलोमीटरवरच्या सुमात्रा बेटावर टोबा ज्वालामुखी फुटला, त्याची राख वाऱ्यावर इथवर आली आणि कऱ्हेने ती गाळाखाली जपून ठेवली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात काचेचे बारीक, धारदार कपचे दिसतात. त्याच गाळात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली. राख 75,000 वर्षांपूर्वीची की त्याच्या दहापट जुनी, यावर संशोधकांचा वाद अजून चालू आहे. वाद मिटेल तेव्हा मिटो. लाव्ह्याच्या दगडाची हातकुऱ्हाड घेऊन कुणीतरी याच पाण्यावर येत होतं, या एका विचाराने माझा पाय तिथून निघेना.

लोणी भापकरला थांबलो ते यज्ञवराहासाठी. काळ्या दगडाचा वराह, अंगावर कोरीव झूल. शेजारच्या पुष्करणीच्या पायऱ्या उतरत गेलं की उन्हाचा ताप एकेका पायरीने कमी होतो.

बारामतीत कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. त्यांच्याच आश्रयाने मोरोपंत इथे राहिले, आर्या रचत राहिले आणि 1794 मध्ये इथेच वारले. गाव ओलांडलं की एकाएकी ऊस लागतो. 1876-77 च्या दुष्काळाने हा मुलूख होरपळला. पुढच्या दशकात नीरा डावा कालवा आला. झिजलेल्या लाव्ह्याची काळी माती इथे आधीपासून होती, तिला पाणी तेवढं मिळायचं होतं. माळावरच्या जिरायतदाराला ते अजूनही पुरतं मिळालेलं नाही, हे मोरगावहून येताना दिसतंच.

भिगवणपुढे पळसदेवला उजनीचा फुगवटा आडवा येतो. भीमेवरचं हे धरण 1980 मध्ये पुरं झालं आणि जुनं गाव पाण्याखाली गेलं. दुष्काळी उन्हाळ्यात पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं. भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत गेलो. गाभारा काळ्या दगडाचा, वर विटांचं शिखर, आवारात वीरगळ. वर्षानुवर्षं पाण्यात राहूनही दगडाची कड बोटाला लागते. जाळं विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराला म्हटलं, "बाबा, देऊळ छान दिसतंय." ते म्हणाले, "देऊळ दिसलं की आमची चूल विझली म्हणायची, ताई." मग त्यांनीच हात धरून मला गाळातून बाहेर काढलं.

इंदापूरला संध्याकाळ झाली. शिवरायांचे आजोबा मालोजीराजे इथल्या लढाईत पडले. त्यांच्या गढीपाशी दिवेलागणीपर्यंत बसलो.

परतताना पुन्हा मोरगाव लागलं. नदीकाठी मी सगळीकडे पाहिलं. राखेबद्दल सांगणारी एकही पाटी मला दिसली नाही. ज्या थरावर जगभरचे संशोधक लिहितात तो थर गावच्या पोरांना ठाऊक असायला हवा. देवळाच्या कमानीपाशी एक दगडी फलक गावाने उभारावा, आणि त्या काठाची माती उपसू देऊ नये.