घाटातल्या गाडीसाठी ट्यूनिंगची निवड

आजच्या टर्बो पेट्रोल इंजिनाने किती जोर द्यावा, हे त्याच्या धातूच्या भागांइतकेच ईसीयू, म्हणजे इंजिनावर नियंत्रण ठेवणारा संगणक, ठरवीत असतो. इंधन किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची आणि टर्बोने हवा किती दाबाने भरायची याचे तक्ते त्यात साठवलेले असतात, आणि ते बदलून लिहिण्यालाच रिमॅप म्हणतात. हा रिमॅप कोणत्या पद्धतीने करून घ्यावा, याचे उत्तर द्रुतगती मार्गावर धावणाऱ्या गाडीसाठी एक असते, तर कसारा सोडून विहीगाव-खोडाळा मार्गे सूर्यमाळ चढणाऱ्या आणि पुढे मोखाडा-जव्हारकडे वळणाऱ्या गाडीसाठी दुसरे. गॅरेजमध्ये मात्र दोन्ही गाडीमालकांपुढे बहुधा शक्तीचा एकच आलेख ठेवला जातो.

चाकणच्या कारखान्यात बनलेली आणि २०१३ साली बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय हे यासाठी चांगले उदाहरण आहे. तिचे १.२ लिटरचे इंजिन १०५ अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर टॉर्क देते, तर तिचा दोन कोरड्या क्लचचा सात-गती गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी आखलेला आहे. मधली तफावत पाहून ती सगळीच वापरून टाकण्याचा मोह होतो. पण चढावर, ट्रकच्या मागे सरकत-थांबत जाताना हे क्लच घसरत घसरत पकडतात आणि तापतात, म्हणून कागदावर शिल्लक दिसणारा टॉर्क घाटात तेवढा शिल्लक नसतो.

स्वस्तातला पर्याय म्हणजे ट्यूनिंग बॉक्स, जो सेन्सरचा संदेश वाटेतच बदलून हवेचा दाब आहे त्याहून कमी असल्याचे ईसीयूला भासवतो. ज्या यंत्रणेवर इंजिनाची सुरक्षितता अवलंबून आहे तिलाच खोटी माहिती देणारा हा उपाय चढाच्या गाडीसाठी विचारातच घेऊ नये. स्टेज वन म्हणजे यांत्रिक भाग न बदलता चढवलेली तयार फाइल, आणि ती बहुधा समाधानकारक असते. खरा प्रश्न ती तपासली कशी, हा आहे. डायनोवर, म्हणजे चाके रोलरवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्रावर, बॉनेट उघडे असते, समोर मोठा पंखा असतो आणि इंजिनाला पूर्ण जोर काही सेकंदच द्यावा लागतो. याउलट घाटातल्या अरुंद वळणातून बाहेर पडताना इंजिन मिनिटाला दीड ते अडीच हजार फेऱ्यांवर असते, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असतो, आणि गाडीचा वेग कमी असल्यामुळे इंटरकूलरला, म्हणजे टर्बोमधून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीला, पुरेसा वारा मिळत नाही. तापलेल्या हवेमुळे सिलिंडरच्या कडेला उरलेले मिश्रण आपोआप पेटते. यालाच नॉकिंग म्हणतात. ते जाणवताच ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो आणि आलेखातली वाढीव अश्वशक्ती दोन-चार वळणांतच ओसरते. कमी फेऱ्यांवर फार टॉर्क मागणारी फाइल तर याहून धोक्याची, कारण तिथे ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटून पिस्टन फुटू शकतो. तरीही ‘पिकअप’ हवा म्हणून ग्राहक नेमके तेच मागतात! उंचीचा परिणाम मात्र गौण आहे, कारण शंभर मीटरला हवेचा दाब सुमारे एक टक्काच घटतो आणि टर्बो अधिक वेगाने फिरून ती तूट भरून काढतो, जरी त्यात थोडी उष्णता वाढत असली तरी.

इंधनाचाही विचार आधीच व्हावा. शहरातील निवडक पंपांवर १०० ऑक्टेनचे, म्हणजे नॉकिंगला अधिक दाद न देणारे, पेट्रोल मिळते. त्यावर बेतलेली फाइल घाटमाथ्यावर साधे पेट्रोल भरताच आपले गणित हरवून बसते. शिवाय नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारास मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते आणि कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते, हे गृहीत धरूनच ट्यूनरकडे जावे.

ट्यूनर निवडताना त्याच्याकडे आलेखाऐवजी लॉग, म्हणजे चालत्या गाडीतून क्षणोक्षणी नोंदलेले आकडे, मागावेत, आणि तेही चढावरचे: आत येणाऱ्या हवेचे तापमान, मागितलेला व मिळालेला हवेचा दाब, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये ठिणगी किती अंश मागे घेतली गेली याची नोंद. चारही सिलिंडरांत ती एकसारखी मागे जात असेल, तर फाइल सौम्य करावी लागते. एकाच सिलिंडरात जात असेल, तर दोष बहुधा फाइलचा नसून प्लगचा, साचलेल्या काजळीचा किंवा त्या सिलिंडरच्या इंजेक्टरचा असतो, आणि अशा वेळी लॅपटॉप मिटून आधी प्लग काढून पाहणाऱ्या ट्यूनरकडे गाडी सोपवावी.