पुरात बुडालेली गाडी घ्यावी का?

पूर ओसरला की नदीकाठी दोन गोष्टी स्वस्त होतात. एक भिजलेले धान्य आणि दुसरी भिजलेली गाडी. धान्य गुरांपुढे टाकतानासुद्धा आपण मूठभर हातात घेऊन वास घेतो. गाडीच्या बाबतीत मात्र वरची चकाकी बघूनच भल्याभल्यांचे डोळे दिपतात. असा प्रसंग आमच्याच घरात आला होता. त्यातून जे समजले ते तुमच्या कानावर घालावे म्हणून हे लिहिते आहे.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हांला आठवत असेल. सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेले. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, तिथे पंचगंगा ५५ फुटांच्या वर चढली. माणसे नावेतून बाहेर पडली, गाड्या मात्र जागच्या जागी बुडाल्या.

पुढच्या संक्रांतीच्या सुमारास माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा एक गाडी बघून आला. दोन दारांची, बुटकी, लाल रंगाची परदेशी स्पोर्ट्स कार. न भिजलेली तशी गाडी जुन्या बाजारात बारा लाखांच्या खाली मिळत नव्हती. ही साडेतीन लाखांना मिळत होती. "काकू, अशी संधी पुन्हा यायची नाही," असे तो मला म्हणाला. दीर वारले तेव्हा हा पोर आठवीत होता. लहानपणापासून भिंतीवर अशाच गाड्यांची चित्रे चिकटवायचा. म्हणून त्याच्या हौसेला हसायची माझी हिंमत झाली नाही. पण पैसा होता रस्त्यात गेलेल्या जमिनीच्या भरपाईचा. त्यातूनच त्याच्या बहिणीचे लग्न व्हायचे होते आणि विहिरीवरून पाइपलाइनही आणायची होती. जाऊबाई मला म्हणाल्या, "तुम्ही नि भावजी एकदा बघून या. तुम्ही सांगाल तसं करू."

आम्ही बघायला गेलो. बैल घ्यायला बाजारात गेल्यावर आपण काय करतो? दात बघतो, चालवून बघतो, अंगावरून हात फिरवतो. इथेही तेच केले. सोबत ओळखीचा मिस्त्री होता. त्याने सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा भाग स्वच्छ होता, पण आतल्या टोकाला गाळाची रेघ होती. जादा चाकाच्या खड्ड्यात बोट फिरवले तर बारीक मऊ माती लागली. सीटखालच्या पट्ट्या गंजल्या होत्या. पुढच्या दिव्याच्या काचेत आतून पाण्याचा डाग होता. गाडीत अत्तराचा घमघमाट होता. मी गालिचा उचलून खालच्या फोमला नाक लावले, तर पावसाळ्यात भिजलेल्या गादीचा वास आला. गादी वरून वाळली तरी आतला कापूस ओलाच राहतो, हे आपल्या बायकांना कोणी शिकवायला नको.

आता तुम्ही म्हणाल, नदीवरची मोटरसुद्धा पुरात बुडते. ती आपण उघडतो, वाळवतो, फार तर रिवाइंडिंग करतो आणि पुन्हा चालू करतो. अगदी बरोबर. आमच्या शेजाऱ्यांनी त्याच पुरात बुडालेला जुना ट्रॅक्टर घेतला. सगळी ऑइले बदलली, स्टार्टर आणि डायनॅमो भरून घेतला. तो ट्रॅक्टर पुढे नीट चालला. त्यात विजेचे काम थोडे आणि लोखंडाचे जास्त. लोखंड उघडून पुसता येते.

नव्या मोटारीचे तसे नसते. तिच्या अंगात जागोजागी वायरी आणि त्यांचे शेकडो जोड असतात. इंजिन, ब्रेक, अपघातात फुगणारी एअरबॅग या सगळ्यांना हुकूम देणाऱ्या पेट्या असतात. त्यांतल्या काही सीटखाली किंवा गाडीच्या तळाशी बसवलेल्या असतात. पाणी जोडांत शिरले की तिथे हिरवट गंज चढू लागतो. आज गाडी चालते, तीन-चार महिन्यांनी दिवे बंद पडतात आणि पुढे एखाद्या दिवशी ती रस्त्यातच उभी राहते. पाणी खारे असेल तर गंज आणखी लवकर चढतो. स्पोर्ट्स कार तर जमिनीपासून वीतभर उंच. जीपच्या पायरीला लागणारे पाणी हिच्या सीटवर येते. शिवाय हिचे सुटे भाग परगावी, नाहीतर परदेशी.

इंजिनाचीही एक गोष्ट असते. हवा दाबली की आवळते, पाणी आवळत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना कोणी चावी फिरवली की आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. म्हणून तुमची स्वतःची गाडी कधी बुडाली तर चालू करून बघू नका. बॅटरीची वायर सोडवा, फोटो काढा आणि विमा कंपनीला कळवा. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराची भरपाई मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

मग कागद मागितले. विकणारा मूळ मालक नव्हता, मधला माणूस होता. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त निघाला की विमा कंपनी ती गाडी पूर्ण नुकसानीत धरते. मालकाला पैसे मिळतात आणि गाडी भंगाराच्या भावाने पुढे जाते. ही तशीच गेलेली होती. आर.सी. बुकावर "पुरात बुडालेली" असे काही लिहिलेले नव्हते. मालकाच्या सहीचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म "मागाहून देतो" असे उत्तर मिळाले.

शेवटी यांनी मिस्त्रीला विचारले, "एकूण खर्च किती येईल ते लिहून दे." तो म्हणाला, "लिहून कसं देऊ? उघडल्यावर कळेल."

आमचा निर्णय तिथेच झाला. साडेतीन लाख ही त्या गाडीची किंमत नव्हतीच. तो नुसता पहिला हप्ता होता, आणि शेवटचा हप्ता कोणता हे कोणालाच सांगता येत नव्हते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! मसाल्याचे पैसे बहिणीच्या लग्नातून जाणार होते. आणि हौसेने त्याच गाडीत बहिणीला बसवून नेले, नि वेळेवर ब्रेकने किंवा एअरबॅगने दगा दिला, तर? पुतण्याला मी हेच विचारले. तो बोलला नाही. आठ दिवस नीट जेवलाही नाही. पण बयाणा दिला नाही.

बुडालेली गाडी कधीच घेऊ नये असे मात्र मी म्हणणार नाही. पाणी कुठवर चढले होते, गोडे होते की खारे, पाण्यातून काढल्यावर कोणी चावी फिरवली का, आणि मालक स्वतः समोर उभा आहे का, एवढे आधी विचारा. पाणी पायपुसण्यापर्यंतच आले होते, चार दिवसांत गाडी उघडून साफ केली होती, वर्कशॉपची बिले आहेत आणि कागद चोख आहेत, असे असेल तर जरूर विचार करा. चासी नंबरवरून अधिकृत वर्कशॉपमध्ये जुन्या दुरुस्त्यांची चौकशी करा. आणि तो पैसा बुडाला तरी घरातले एकही काम अडणार नाही, असा असेल तरच खिशात हात घाला.

पोराच्या हौसेला नाही म्हणताना जीव तुटतो. पण नुसते "नको" म्हणण्यापेक्षा त्याला सोबत नेऊन गालिचा उचलून दाखवा. स्वतःच्या नाकाला आलेला वास तो विसरत नाही.